पवनचक्की वितरण जाळ्याला जोडताना : रात्रीच्या कमी भाराचा हिशेब

वितरण वाहिन्यांच्या नियोजनाचे आणि देखभालीचे काम मी बरीच वर्षे करत आहे. एखाद्या गटाला एक-दोन मेगावॅटची पवनचक्की उभी करून ती जवळच्या ११ केव्ही (११ हजार व्होल्ट) फीडरला, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या वितरण वाहिनीला, जोडायची असते, तेव्हा चर्चा वाऱ्याच्या वेगापासून सुरू होते आणि युनिटच्या दरापाशी संपते. मधली तार कुणाच्या हिशेबात नसते. माझ्या अनुभवात प्रकल्पाचे अर्थकारण बऱ्याच वेळा त्या तारेवर आणि वर्षातल्या काही थोड्या तासांवर ठरते. ते तास म्हणजे वारा भरपूर असतो आणि फीडरवर भार जवळपास नसतो, अशा रात्रीचे. या विषयावर मराठीत सविस्तर लिहिलेले फारसे सापडत नाही, म्हणून हा धागा.

वितरण जाळे बांधले गेले तेव्हा वीज उपकेंद्रातून निघून ग्राहकाकडे जाते, एवढीच दिशा गृहीत धरलेली होती. तारेच्या रोधामुळे व्होल्टेज अंतरानुसार उतरत जाते, म्हणून उपकेंद्रात ते मुद्दाम थोडे चढे ठेवतात आणि टोकाजवळच्या खांबावरील रोहित्राचा (ट्रान्सफॉर्मरचा) टॅपही, म्हणजे त्याचे व्होल्टेज ठरवणारी जोडणीही, व्होल्टेज वाढवणाऱ्या बाजूला लावून ठेवतात. पवनचक्की मात्र जिथे वारा तिथे, म्हणजे बहुधा वस्तीपासून दूर, फीडरच्या अगदी टोकाला येते. तिथून वीज उलट दिशेने वाहू लागली की टोकाचे व्होल्टेज उपकेंद्रापेक्षा वर जाते, आणि आधी केलेली सगळी तजवीज उलटी लागू पडते.

आकड्यांत पाहू. समजा फीडर १० किलोमीटरचा आहे आणि तारेचा रोध किलोमीटरला ०.३ ओहम, म्हणजे एकूण ३ ओहम आहे. टोकाला २ मेगावॅटची पवनचक्की पूर्ण क्षमतेने चालते आहे आणि भार नगण्य आहे. व्होल्टेजमधील वाढ ढोबळमानाने शक्ती गुणिले रोध भागिले व्होल्टेज इतकी असते. २० लाख वॅटला ३ ने गुणून ११,००० ने भागले की सुमारे ५४५ व्होल्ट येतात, म्हणजे ५ टक्के. उपकेंद्रात व्होल्टेज आधीच २ टक्के चढे, म्हणजे ११.२२ केव्ही ठेवलेले असेल, तर टोकाला ते ११.७६ केव्हीपर्यंत पोहोचते. परवानगी अधिक-उणे ६ टक्क्यांची असेल तर कमाल मर्यादा ११.६६ केव्ही आहे आणि ती ओलांडली गेली. आता प्रवाह पाहा. ११ केव्हीवर २ मेगावॅटसाठी सुमारे १०५ अँपिअर लागतात आणि या जाडीची तार २५० अँपिअर सहज वाहून नेते. म्हणजे तारेची निम्मी क्षमताही वापरली गेलेली नाही, तरी जोडणी नाकारावी लागते. ‘तार तर रिकामी आहे, मग परवानगी का देत नाही?’ हा प्रश्न मला प्रत्येक वेळी विचारला जातो, आणि त्याचे उत्तर या साध्या गुणाकारात आहे.

अशा एका फीडरवरील रात्र मला अजून आठवते. दूरच्या टोकाच्या ग्राहकांची तक्रार होती की दिवे वारंवार जातात. दिवसा मोजले तर सगळे ठीक दिसे. म्हणून पहाटे तीनच्या सुमारास तिथे गेलो आणि मीटर लावला, तर २३० ऐवजी २५८ व्होल्ट दिसत होते. खांबावरच्या रोहित्राचा टॅप पूर्वी कधीतरी, व्होल्टेज कमी येते या तक्रारीवरून, वर चढवलेला होता. पवनचक्की आल्यावर तो खाली घ्यायचे कुणाला सुचले नव्हते. हा टॅप पुरवठा बंद करूनच बदलता येतो, त्यामुळे रात्री खाली आणि संध्याकाळी वर असेही करता येत नाही. त्याच रात्री उपकेंद्रात ऑन-लोड टॅप चेंजरची, म्हणजे पुरवठा चालू असतानाच टॅप बदलणाऱ्या यंत्रणेची, मोटर दर काही मिनिटांनी घरघरत होती, आणि त्याच्या काउंटरवरील आकडा नोंदवहीतील जुन्या नोंदींच्या तुलनेत फारच वेगाने वाढलेला होता. टॅप चेंजरचे संपर्क-भाग झिजतात, तेल खराब होते, देखभाल लवकर करावी लागते. हा खर्च प्रकल्पाच्या कोणत्याही अहवालात लिहिलेला नसतो, पण तो होतो आणि कुणीतरी भरतो.

उपाय तीन प्रकारचे आहेत. तार जाड करायची किंवा उपकेंद्रापासून स्वतंत्र वाहिनी टाकायची, हा सर्वांत सोपा आणि सर्वांत महाग. पवनचक्कीने रिॲक्टिव्ह पॉवर (प्रत्यक्ष काम न करता चुंबकीय क्षेत्रासाठी जाळ्यात ये-जा करणारी शक्ती) ओढून व्होल्टेज खाली ठेवायचे, हा दुसरा. आणि ज्या वेळी मर्यादा ओलांडली जाते तेवढ्याच वेळी उत्पादन कमी करायचे, हा तिसरा. माझे स्पष्ट मत आहे की तिसऱ्या उपायाचा हिशेब मांडल्याशिवाय पहिल्यावर एक पैसाही खर्च करू नये. सदस्यांनी आपले अनुभव आणि मतभेद दोन्ही लिहावेत, ही विनंती.

प्रतिसाद १

लेख आवडला, पण एक शंका आहे. जिथे वीज वापरली जाते तिथेच ती तयार झाली तर वाहिनीतील हानी कमी होते, असे आम्ही नेहमी ऐकत आलो आहोत, आणि विकेंद्रित निर्मितीच्या बाजूने हाच मुद्दा सर्वांत आधी मांडला जातो. आपण त्याचा उल्लेख केलेला नाही. ते चुकीचे आहे का?

धागाकर्ता

चुकीचे नाही, पण अर्धे आहे. हानी प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते आणि प्रवाह कोणत्या दिशेने वाहतो याच्याशी तिला देणेघेणे नसते. वरचाच फीडर घ्या आणि टोकाला २ मेगावॅटचा भार आहे असे माना. पवनचक्की नसताना तारेत सुमारे ९९ किलोवॅट वाया जातात. १ मेगावॅट निर्मिती आली की तारेतून १ मेगावॅटच वाहतो आणि हानी २५ किलोवॅटवर येते. निर्मिती २ मेगावॅट झाली की ती जवळपास शून्य होते. इथपर्यंत आपण ऐकलेले अगदी खरे आहे. निर्मिती ४ मेगावॅट झाली की उलट दिशेने २ मेगावॅट वाहू लागतात आणि हानी पुन्हा ९९ किलोवॅटवर येते. ५ मेगावॅटला ती २२३ किलोवॅट होते, म्हणजे मूळ स्थितीच्या दुपटीहून अधिक. (५ मेगावॅटला या फीडरवर व्होल्टेज केव्हाच हाताबाहेर गेलेले असेल. इथे फक्त हानीचा कल दाखवायचा आहे.)

शिवाय भार आणि वारा एकाच वेळी येत नाहीत. वर्षभराची बेरीज करायची तर तासातासाचा भार आणि तासातासाचे उत्पादन शेजारी ठेवून करावी लागते. वार्षिक सरासरी घेऊन काढलेली ‘बचत’ मी पाहिलेल्या बहुतेक अहवालांत फुगलेलीच आढळली आहे.

प्रतिसाद २

रिॲक्टिव्ह पॉवरबद्दल थोडी भर घालतो, कारण जुन्या आणि नव्या यंत्रांत इथे जमीन-अस्मानाचा फरक आहे.

डेन्मार्कमधील गेडसर येथे योहानेस यूल यांनी १९५७ मध्ये २०० किलोवॅटची तीन पात्यांची पवनचक्की उभी केली, आणि तिचा असिंक्रोनस जनित्र थेट जाळ्याला जोडला. पुढे कित्येक वर्षे हाच साचा चालला. हे यंत्र दणकट आणि स्वस्त होते, पण त्याला चुंबकीकरणासाठी रिॲक्टिव्ह पॉवर जाळ्यातूनच घ्यावी लागे आणि ती किती घ्यायची यावर चालकाचे नियंत्रण नसे. म्हणून ती पुरवायला शेजारी कपॅसिटर बसवत. जाळ्याला जोडताना जनित्र नेहमीच्या प्रवाहाच्या कित्येक पट प्रवाह ओढे, त्यामुळे प्रवाह हळूहळू वाढवणारा थायरिस्टरचा सॉफ्ट स्टार्टर आला. तरी एक त्रास उरतच असे. पाते मनोऱ्यासमोरून जाताना दर वेळी टॉर्क किंचित घसरतो. मिनिटाला ३० फेरे आणि तीन पाती, म्हणजे सेकंदाला दीड वेळा शक्ती खाली-वर होते, आणि फिरण्याचा वेग ठरावीक असल्यामुळे ही चढ-उतार सरळ तारेत उतरते. दुबळ्या फीडरवर शेजारच्या घरातील दिवा त्या लयीत लुकलुकतो. माणसाचा डोळा सेकंदाला सुमारे ९ वेळा होणाऱ्या लुकलुकीला सर्वांत संवेदनशील असतो, तेवढा वेग इथे नसतो ही त्यातल्या त्यात जमेची बाजू, पण संध्याकाळी वाचत बसलेल्या माणसाला ते सांगून पटत नाही.

आजच्या यंत्रांत वेग बदलता असतो आणि जनित्र आणि जाळे यांच्या मध्ये विजेचे रूप बदलणारा इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टर असतो, त्यामुळे वाऱ्याच्या झोताची ऊर्जा आधी पात्यांच्या फिरण्यात साठते आणि जाळ्यात गुळगुळीत होऊन जाते. रिॲक्टिव्ह पॉवरही हवी तेवढी देता किंवा घेता येते. यंत्राची लुकलुक, जोडणीच्या वेळचा धक्का आणि हार्मोनिक्स (विजेच्या लहरीतील विकृती) कसे मोजायचे याची आंतरराष्ट्रीय पद्धत आयईसी ६१४००-२१ या मानकात २००१ पासून आहे. यंत्र विकत घेताना त्या चाचणीचा अहवाल मागून घ्यावा आणि तो आपल्या फीडरच्या शॉर्ट सर्किट क्षमतेशी, म्हणजे जाळ्याच्या भक्कमपणाशी, ताडून पाहावा, कारण तेच यंत्र भक्कम जाळ्यावर निरुपद्रवी आणि दुबळ्यावर त्रासदायक ठरू शकते.

धागाकर्ता

उत्तम भर घातलीत. त्याला माझ्या उदाहरणातील आकडा जोडतो. फीडरचा रिॲक्टन्स (तारेच्या चुंबकीय परिणामामुळे प्रवाहाला होणारा विरोध) ३.५ ओहम धरला आणि पवनचक्कीने ०.६ मेगाव्हार (रिॲक्टिव्ह पॉवरचे एकक) ओढले, म्हणजे पॉवर फॅक्टर (एकूण शक्तीत कामाच्या शक्तीचे प्रमाण) सुमारे ०.९६ ठेवला, तर व्होल्टेज १९० व्होल्टने खाली येते. ११.७६ चे ११.५७ केव्ही होते आणि आपण मर्यादेच्या आत येतो. नवी तार नाही, नवा खांब नाही, नियंत्रकातील एक सेटिंग फक्त.

पण हे फुकट नाही. त्या वाढीव प्रवाहामुळे हानी ९९ वरून १०८ किलोवॅट होते, ते ०.६ मेगाव्हार उपकेंद्राला कुठून तरी पुरवावे लागतात, आणि वीजबिलात रिॲक्टिव्ह पॉवरवर आकारणी असेल तर व्होल्टेज आवरल्याबद्दल मालकालाच दंड बसल्यासारखे होते. जोडणीच्या करारात या विसंगतीची सोय आधीच करून घ्यायला हवी. आणि जमिनीखालच्या कमी दाबाच्या केबलवर हा उपाय फारसा चालत नाही, कारण तिथे रोध मोठा आणि रिॲक्टन्स छोटा असतो.

प्रतिसाद ३

मी संरक्षण विभागात काम करतो, त्यामुळे मला व्होल्टेजपेक्षा रिलेची, म्हणजे बिघाड ओळखून पुरवठा तोडायला लावणाऱ्या उपकरणाची, काळजी अधिक वाटते.

थेट जोडलेला असिंक्रोनस जनित्र दोषाच्या (शॉर्ट सर्किटच्या) पहिल्या क्षणी आपल्या नेहमीच्या प्रवाहाच्या पाच-सहा पट प्रवाह देतो आणि तो लवकरच विझतो. पूर्ण कन्व्हर्टर असलेले यंत्र मात्र जेमतेम सव्वा-दीडपट देते. पहिल्या प्रकारात उपकेंद्रातील जुन्या ब्रेकरची (दोषाचा प्रवाह तोडणाऱ्या स्विचची) क्षमता अपुरी पडू शकते, आणि एका पवनचक्कीसाठी अख्खे स्विचगिअर, म्हणजे अशा स्विचांचा संच, बदलण्याचा खर्च अंगावर येतो. दुसऱ्या प्रकारात उलटी अडचण असते. दोष आहे हे ओळखण्याइतका प्रवाहच रिलेला दिसत नाही.

सर्वांत घातक प्रसंग म्हणजे फीडर उपकेंद्रातून सुटला आहे आणि पवनचक्की त्या तुटक भागाला वीज देतच राहिली आहे. वायरमन तार मृत समजून खांबावर चढतो. किंवा ऑटो-रिक्लोजर (सुटलेली वाहिनी आपोआप पुन्हा जोडणारा स्विच) काही क्षणांनी पुन्हा मिटतो आणि दोन्ही बाजूंच्या लहरी जुळलेल्या नसतील तर जनित्राचा शाफ्ट मोडू शकतो. म्हणून वारंवारिता (फ्रिक्वेन्सी) किती वेगाने बदलते हे पाहून यंत्र सुटावे, अशी रिले बसवतात.

मात्र ही रिले फार हळवी ठेवली तर दुसरीकडे घात होतो. ९ ऑगस्ट २०१९ रोजी ब्रिटनमध्ये एका पारेषण वाहिनीवर वीज कोसळली. समुद्रातील हॉर्नसी पवनक्षेत्र आणि लिटल बारफर्डचे नैसर्गिक वायूवरील वीज केंद्र यांचे उत्पादन पाठोपाठ गेले. त्याच वेळी वितरण जाळ्यातील सुमारे ५०० मेगावॅट छोटी निर्मिती याच प्रकारच्या रिलेंमुळे आपणहून सुटली. वारंवारिता ४८.८ हर्ट्झपर्यंत घसरली आणि दहा लाखांहून अधिक ग्राहकांचा पुरवठा तोडावा लागला. तिथे जुनी सेटिंग सेकंदाला ०.१२५ हर्ट्झ इतकी हळवी होती, ती बदलून १ हर्ट्झ करण्याचा कार्यक्रम हाती घेतलेला होता आणि या घटनेनंतर त्याला वेग आला. वायरमनचा जीव आणि देशाची वारंवारिता एकाच लहानशा आकड्यावर अवलंबून असतात, त्यामुळे तो आकडा बसवताना मला दर वेळी दडपण येते.

४ नोव्हेंबर २००६ च्या युरोपीय बिघाडात याची दुसरी बाजू दिसली. एम्स नदीवरील ३८० केव्ही वाहिनी जहाजाला वाट देण्यासाठी बंद केली आणि त्या साखळीत जाळ्याचे तीन तुकडे झाले. ईशान्येकडील तुकड्यात वीज आधीच जादा होती, आणि तिथे आधी सुटलेल्या पवनचक्क्या कुणी न सांगता आपोआप पुन्हा जोडल्या जाऊ लागल्या. पारेषण चालकाला त्या दिसतही नव्हत्या आणि थांबवताही येत नव्हत्या. म्हणून माझ्या दृष्टीने दूरनियंत्रण आणि संदेशवहन यांचा खर्च जोडणीच्या खर्चाचाच भाग आहे. तो टाळून झालेली बचत खरी नसते.

प्रतिसाद ४

मी अभियंता नाही. आमच्या पंचवीस-तीस जणांच्या गटाने एक पवनचक्की घ्यायचा विचार चालवला आहे आणि जोडणीचा देकार हातात आला आहे. त्यात उपकेंद्रातील रोहित्र बदलण्याचाही खर्च आमच्यावरच दाखवला आहे. हे रोहित्र तर उद्या इतरही वापरणार. हे रास्त आहे का, आणि नसेल तर आम्ही नेमके काय विचारायचे?

धागाकर्ता

हा धागा काढण्यामागे आपल्यासारख्यांचाच प्रश्न होता, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जोडणीचा खर्च आकारण्याच्या जगभरात दोन टोकाच्या पद्धती आहेत. एकीत अर्जदार फक्त जवळच्या बिंदूपर्यंतची वाहिनी भरतो आणि पलीकडच्या जाळ्याचे मजबुतीकरण सर्व ग्राहकांच्या दरात पसरते. दुसरीत त्याच्यामुळे करावे लागणारे सगळे काम, पार उपकेंद्राच्या रोहित्रापर्यंत, त्याच्याकडून वसूल होते. पहिलीत अर्जदाराला सोयीची जागा निवडायचे कारण उरत नाही, कारण चुकीच्या जागेची किंमत इतर भरतात. दुसरीत ज्याचा अर्ज जाळे भरल्यानंतर पहिला येतो त्याच्यावर सगळा डोंगर कोसळतो आणि त्याच्या मागून येणारे त्याच्या पैशावर फुकट जोडले जातात. मला दोन्ही टोके अन्यायाची वाटतात. आपल्या देकारात दुसरी पद्धत दिसते. तेव्हा पहिला प्रश्न असा विचारा, की पुढे कुणी तेच रोहित्र वापरले तर आपल्याला त्याच्या वाट्याची रक्कम परत मिळेल का, आणि किती वर्षांपर्यंत? तो करार लेखी घ्या.

दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. मर्यादा नेमकी कशामुळे येते : रोहित्राच्या क्षमतेमुळे, ब्रेकरमुळे की व्होल्टेजमुळे? वर्षात किती तास येते? बहुतेक अभ्यास पूर्ण उत्पादन आणि किमान भार या एकाच स्थितीवर केलेले असतात. सुरक्षिततेसाठी ती स्थिती पाहायलाच हवी, पण ती किती वेळ टिकते हे सांगितल्याशिवाय खर्चाचा निर्णय होऊ शकत नाही. माझ्या उदाहरणात भार शून्य असताना १.६ मेगावॅटपर्यंत व्होल्टेज मर्यादेत राहते. म्हणजे टोकाचा भार ४०० किलोवॅटच्या वर असेल त्या प्रत्येक तासाला पवनचक्की पूर्ण २ मेगावॅट देऊ शकते, तीही रिॲक्टिव्ह पॉवरला हात न लावता. कायमची १.६ मेगावॅटची मर्यादा स्वीकारणे आणि गरजेपुरती कपात स्वीकारणे यांत म्हणून फार मोठा फरक आहे.

२ मेगावॅटची पवनचक्की ३० टक्के क्षमता वापराने वर्षाला सुमारे ५२.५ लाख युनिट देते. समजा गरजेपुरत्या कपातीत २ टक्के गेले, तर ते एक लाखाच्या थोडे वर युनिट होतात. त्यांची आयुष्यभराची किंमत रोहित्राच्या किमतीशेजारी मांडा, आणि व्याजाचा दर लावायला विसरू नका, कारण रोहित्राचे पैसे आज जातात आणि कपातीचे वीस वर्षांत थोडे थोडे.

स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी बेटांवर २००९ पासून हेच मोठ्या प्रमाणावर केले गेले. मुख्य भूमीला जोडणाऱ्या ३३ केव्हीच्या दोन सागरी केबल भरल्या होत्या आणि नवी व्यवस्था उभारायला सुमारे ३ कोटी पौंड लागणार होते. त्याऐवजी जाळ्यावरील प्रवाह सतत मोजून नव्या पवनचक्क्यांचे उत्पादन आवश्यक तेव्हाच उतरवणारी व्यवस्था बसवली, तिला सुमारे ५ लाख पौंड लागले. मात्र तिथे नियम असा होता की जो शेवटी जोडला गेला त्याची कपात सर्वांत आधी. रांगेत मागे असलेल्यांना, आणि त्यांत लोकवर्गणीतून उभ्या राहिलेल्या पवनचक्क्याही होत्या, त्याची झळ पुरेपूर बसली. तेव्हा तिसरा प्रश्न : कपातीच्या रांगेत आपला क्रमांक कितवा, आणि आपल्यानंतर जोडल्या जाणाऱ्यांमुळे आपली कपात वाढणार नाही ना?

प्रतिसाद ५

ऑर्कनीचा विषय निघालाच आहे म्हणून एक पुढची गोष्ट. तिथल्या ईडे बेटावर ९०० किलोवॅटची सामुदायिक पवनचक्की आहे आणि तिला अशीच कपात सोसावी लागत होती. वाया जाणाऱ्या विजेतून, तसेच भरती-ओहोटीच्या विजेतून, बेटावरच पाण्यापासून हायड्रोजन तयार करण्याचा प्रकल्प तिथे उभारला गेला. हायड्रोजन करून पुन्हा वीज करण्यात निम्म्याहून अधिक ऊर्जा जाते, हे मान्य. पण जी वीज एरवी तयारच होऊ दिली जात नव्हती तिच्यासाठी हा हिशेब वेगळा होतो.

त्याहून सोपा उपाय म्हणजे टोकावरचा भार त्या तासांत सरकवणे. पाणी उपसण्याचे पंप, शीतगृहे, पाणी तापवण्याच्या टाक्या यांना रात्रीच्या वाऱ्याच्या वेळी चालण्याचा इशारा देता येतो. धागाकर्त्यांच्या उदाहरणात लागणारा भार फक्त ४०० किलोवॅट आहे.

धागाकर्ता

अगदी बरोबर, आणि ४० किलोवॅटचे दहा पंप म्हणजे तेवढा भार झाला. अट एकच, की ते पंप पवनचक्कीच्याच फीडरवर आणि टोकाच्या बाजूला असले पाहिजेत. उपकेंद्राजवळच्या पंपाने कागदावरचा भार वाढतो, टोकाच्या व्होल्टेजला मात्र त्याचा काहीच उपयोग होत नाही. प्रतिसाद ४ मधील सदस्यांनी आपल्या फीडरचा नकाशा आणि एका वर्षाचा तासवार भार मागून घेतला, तर तो इथे टाका. आपण सगळे मिळून आकडेमोड करू.